दोनशे चाळीस पोरांच्या वरणातलं मीठ

मोलगीहून काठीकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यावरच्या आश्रमशाळेत तुळशीबाई वसावे एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. दोनशे चाळीस पोरं, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. सुरुवातीला ती भांडी घासायला, कामाठी म्हणून लागली होती. मग तेव्हाच्या स्वयंपाक्याला गुडघेदुखीनं उभं राहवेना, तो घरी गेला, आणि पळी तुळशीबाईच्या हातात आली ती तिच्याच हातात राहिली. दर जूनला नेमणुकीचा नवा कागद निघायचा, त्यावर तिचं नाव यायचं, ती अंगठ्याऐवजी सही करायची. चौथीपर्यंत शिकली होती ती, अशाच एका शाळेत.

तिच्या हाताला चव आहे असं सगळेच म्हणत. सुटीत घरी गेलेली पोरं आईला सांगत, वरण मावशीसारखं कर. मीठ ती मुठीनं टाकायची. मोठ्या भगोन्यावर वाकायची, वाफ तोंडावर घ्यायची, मूठ उघडायची आणि पळीच्या टोकावरचं वरण तळहातावर घेऊन चाटायची. दुसऱ्यांदा मिठात हात घालायची वेळ क्वचितच यायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात तिला ताप आला. शाळा बंदच होती. बारा दिवस ती घरात पडून राहिली. वास गेला, चव गेली, भाकर चावली तर पुठ्ठा चावल्यासारखी लागायची. सगळ्यांचं असंच होतंय, येईल परत, असं आशा सेविका सांगून गेली. आणि आलंही. पावसाळ्यात एके दिवशी चुलीवर मिरच्या भाजताना तिला खोकला लागला आणि वासही आला. गूळ गोड लागायला लागला. आमचुराच्या वाळल्या फोडी आंबट लागल्या तेव्हा तिनं दोन जास्त खाल्ल्या. राहिलं ते मीठ. मीठ जिभेवर ठेवलं की खडे टोचायचे, विरघळायचे, आणि तोंडात नुसतं ओलं काहीतरी राहायचं.

हे तिला आधी कळलं नाही, नवऱ्याला कळलं. वीरसिंग सबंध आयुष्यात जेवणाला नाव न ठेवलेला माणूस. त्यानं एका संध्याकाळी उडदाच्या डाळीचे दोन घास खाल्ले आणि ताट हळूच बाजूला सरकवलं.

"आज तीनदा घातलंस का मीठ?"

"एकदाच घातलं."

"मग काल घातलंच नव्हतंस."

तुळशीबाईनं स्वतःच्या ताटातली डाळ बोटानं चाखली. मग डब्यातलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. वीरसिंग तिच्याकडे बघत होता. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"शाळा सुरू होईपर्यंत येईल," तो म्हणाला.

शाळा सुरू झाली, मीठ आलं नाही. बारावीला असलेला त्यांचा पवन म्हणाला, मुख्याध्यापकांना सांगून टाक. वीरसिंग म्हणाला, सांगू नको. मीठ न कळणारी स्वयंपाकीण जूनच्या कागदावर कोण ठेवील? तुळशीबाईला दोघांचंही पटलं, आणि ती गप्प राहिली.

पण गप्प राहून भागणार नव्हतं. दोनशे चाळीस पोरांच्या भगोन्यात अंदाजानं मूठ उघडायची तिची आता छाती होईना. तेव्हा तिनं घरी हिशेब बसवला. घरच्या गंजात, लहान पातेल्यात, वरण केलं, एकेक चमचा मीठ घालत गेली आणि दर वेळी वीरसिंगला चाखायला लावलं. तिसऱ्या चमच्याला तो म्हणाला, "बस. असंच पाहिजे." दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीन चमचे पक्के झाले. मग शाळेचं भगोनं किती गंजांनी भरतं ते तिनं पाणी ओतून मोजलं. एकवीस. पवननं वहीत गुणाकार केला, त्रेसष्ट चमचे. शाळेतली स्टीलची वाटी एकवीस चमच्यांनी काठोकाठ भरत होती. म्हणजे वरणाला तीन वाट्या. भाजीला दोन. पोरं कमी असली की त्या मानानं कमी.

तिनं दोन झाकणाचे डबे आणले. सकाळी नाश्त्याची गडबड सुरू होण्याआधी ती भांडारात जायची, फळ्यावरचा हजेरीचा आकडा बघायची आणि वरणाचं मीठ मोठ्या डब्यात, भाजीचं लहान डब्यात मोजून ठेवायची. डबा रिकामा म्हणजे मीठ पडलं. डबा भरलेला म्हणजे पडायचं आहे. मध्ये कोणी हाक मारली, भांडण लागलं, पोरगं पडलं, तरी डबा खोटं सांगणार नाही. चाखायचं नाटक मात्र तिनं सोडलं नाही. पळीवरचं वरण तळहातावर घ्यायची, चाटायची, मान डोलवायची.

खरी परीक्षा वाढण्याच्या खिडकीत असे. पोरं ताटं घेऊन ओळीनं बसली की ती खिडकीच्या कडेला उभी राहायची आणि तोंडं बघायची. पहिल्या घासाला कोणाच्या भुवया हलतात का, कोण लोणचं जास्त मागतो, कोण वरण तसंच ठेवून कोरडा भात खातो. शेवटची ओळ उठेपर्यंत तिच्या स्वतःच्या पोटात काही जायचं नाही. लोक म्हणत, बाईची माया बघा, पोरं जेवल्याशिवाय जेवत नाही. ती ऐकून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात तिला कळलं की तोंडं बघून सगळं कळत नाही. लागोपाठ दोन दिवस जेवण झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी पोरांची झुंबड उडाली. ग्लास सापडेना म्हणून पोरं ओंजळीनं पिऊ लागली. जेवताना कोणाच्याही चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मिठाच्या पोत्यात हात घातला आणि तिच्या बोटांना ते लागलं. आधीचं मीठ जाडं, खड्यांचं होतं. नव्या पोत्यातलं पिठासारखं बारीक होतं. वाटी तीच, पण बारीक मीठ वाटीत दाटून बसत होतं, जास्त मावत होतं. दोन दिवस पोरांनी खारट वरण खाल्लं होतं आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

याचीच तिला जास्त भीती वाटली. आश्रमशाळेत पोर पहिली गोष्ट शिकतं ती ताट रिकामं करायला. तीही तशीच शिकली होती. तिच्या शाळेतल्या डाळीत एकदा खडे होते, सबंध आठवडा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिनं नव्या मिठाचं माप पुन्हा वीरसिंगच्या जिभेवर बसवलं आणि वाटीच्या आत खिळ्यानं एक रेघ ओढली. तेव्हापासून पोतं बदललं की ती आधी बोटं चोळून बघायची.

शाळेत चवीचं एक रजिस्टर होतं. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं जेवण चाखायचं आणि तारीख, वेळ घालून सही करायची, असा नियम. तीन वर्षांपासून ते काम नवनीत सरांकडे होतं. सर वाईट नव्हते. पोरांना गणित मन लावून शिकवायचे, आजारी पोराला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. पण त्यांच्यामागे ऑनलाईन माहिती भरायची कामं इतकी होती की रजिस्टरवर ते सोमवारीच आठवड्याच्या सह्या करून मोकळे व्हायचे. 'चव उत्तम' असं लिहिलेलं असायचं. तुळशीबाईला हे माहीत होतं. सुरुवातीला तिला बरं वाटलं होतं, कोणी चाखत नाही म्हणजे कोणाला कळत नाही. मग दिवसेंदिवस तेच तिला खायला लागलं. एवढ्या मोठ्या शाळेत, पोरांच्या आधी, त्या वरणाचं मीठ कोणाच्याच जिभेला लागत नव्हतं.

अशी चार वर्षं गेली.

चौथ्या वर्षीच्या होळीनंतरची गोष्ट. काठीच्या होळीला पोरं घरी गेली होती आणि हळूहळू परत येत होती. त्या दिवशी फळ्यावर आकडा होता एकशे चाळीस. तीन वाट्यांच्या जागी पावणेदोन. तिनं सकाळी मोजून दोन्ही डबे भरले आणि फडताळात ठेवले. दहाच्या सुमारास वरण उकळायला लागलं. तेवढ्यात बाहेर सिलिंडरची गाडी आली. ड्रायव्हर घाईत होता, त्याला पुढे आणखी दोन शाळा करायच्या होत्या. सिलिंडर मोजून घ्यायचं काम तिचंच. भरलेले उतरवून, रिकामे चढवून, एकाची गळती तपासून ती वीसेक मिनिटांनी परत आली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तिच्या हाताखालची कामाठी गुलाबबाई कांदा चिरायचा अर्धा टाकून कुठंतरी गेली होती. तुळशीबाईनं फडताळ उघडलं. मोठा डबा भरलेला होता. तिनं तो भगोन्यात उलटा केला, ढवळलं, झाकण लावलं.

मग ती चिरलेला कांदा उचलायला भांडाराच्या दारापाशी वाकली आणि तिला पोतं दिसलं. सकाळी मीठ काढल्यावर ती पोत्याचं तोंड सुतळीनं बांधायची, रोज, न चुकता. आता सुतळी खाली पडली होती आणि वाटी मिठात उभी खोचलेली होती.

गुलाबबाईनं तर टाकलं नसेल?

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. गुलाबबाईला डब्यांचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की ताई पोत्यातलं मीठ वाटीनं काढते. ताईला बाहेर वेळ लागतोय असं बघून तिनं पोत्यातलंच टाकलं असेल. किंवा सांडलेलं मीठ पोत्यात परत टाकायला उघडलं असेल. किंवा कैरीच्या फोडींना लावायला चिमूट घेतली असेल. ती तशी घ्यायची.

"गुलाब," तिनं मागच्या दारातून हाक मारली. वसतिगृहाच्या पायरीवर धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं सांगितलं, गुलाबला घरून निरोप आला, पोरगं तापानं फणफणलंय, ती मोलगीच्या जीपमधून गेली आत्ताच.

तुळशीबाईनं फोन लावला. जीप घाटात होती, फोन लागेना. पुन्हा लावला. मग शाळेच्या मागच्या टेकाडावर, जिथं रेंज येते तिथं धावत जाऊन लावला. बंद. घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकराला घंटा.

परत येऊन तिनं झाकण काढलं आणि वरण चाखलं. एकदा, दोनदा. गरम होतं, हळद होती, मिरची होती. जीभ भाजेपर्यंत चाखलं तरी पुढचं काही कळेना. पोत्यात किती उरलंय त्यावरून काही कळतंय का ते बघितलं. ते पोतं चार दिवसांपूर्वी उघडलेलं, कोण सांगणार त्यात किती होतं? एखाद्या पोराला बोलवावं असं मनात आलं. पण पोर चाखेल आणि म्हणेल, चांगलं आहे मावशी. खारट असलं तरी म्हणेल. आणि पाणी ओतून पातळ करावं, तर मीठ एकदाच पडलेलं असलं म्हणजे पोरांच्या ताटात हळदीचं पाणी जाणार.

दहा पन्नास. तिनं एका वाटीत वरण घेतलं, पदरानं धरलं आणि ऑफिसकडे निघाली.

नवनीत सर खिडकीच्या गजाला मोबाईल टेकवून हजेरी चढवत होते. तिथं एक काडी रेंज यायची.

"सर, वरण चाखता का जरा?"

"ठेवा तिथं, मावशी. रजिस्टर आणलंय का?"

"नाही आणलं."

"असू द्या, मी करतो नंतर सही." त्यांची नजर मोबाईलवरून हलली नाही.

"सर, चाखून बघा."

"अहो, तुमच्या हातचं काय चाखायचं?"

ती तिथंच उभी राहिली. वाटी तिनं त्यांच्यापुढे धरली. सरांनी मान वर केली. एकोणीस वर्षं त्या शाळेत असलेली बाई अशी हट्टानं उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"काय झालं, मावशी?"

"मीठ बघा, सर. घंटा व्हायच्या आत बघा."

सरांनी वाटी घेतली, फुंकर मारली, घोट घेतला. आणि उठून दारापाशी जाऊन थुंकले. सर रनाळ्याचे. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण दचकले की घरची अहिराणी तोंडात यायची.

"हाई काय शे, मावशी? कितलं खारं शे. तुम्ही चाखं नही का?"

"चाखलं."

"मग?"

"मला मीठ कळत नाही, सर." तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. "तो ताप आला होता ना, तेव्हापासून. चार वर्षं झाली."

सरांनी घड्याळ बघितलं, शिपायाला हाक मारून घंटा द्यायची नाही म्हणून सांगितलं आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघराकडे जवळजवळ पळतच निघाले.

पुढचा पाऊण तास दोघं बोलले ते फक्त कामापुरतं. तुळशीबाईनं तीन कुकरमध्ये डाळ चढवली, बिनमिठाची. शिजली तशी घोटली, दुसऱ्या भगोन्यात ओतली, आणि त्यात खारट वरण पळीपळीनं घालत गेली. सर शेजारी चमचा घेऊन उभे. ती पाच पळ्या घालायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते चाखायचे.

"अजून."

पाच पळ्या.

"अजून थोडं."

सातव्यांदा चाखून झाल्यावर ते म्हणाले, "बस." आणि माठातलं दोन ग्लास पाणी घटाघटा प्याले. तीन वर्षांत त्यांनी चाखलं नसेल तेवढं त्या एका सकाळी चाखलं होतं.

पावणेबाराला घंटा झाली. पोरं भुकेली होती, उशीर का झाला ते कोणी विचारलं नाही. तुळशीबाई खिडकीत उभी राहिली. ताटं रिकामी झाली, पोरं पाण्याला गेली ती नेहमीसारखी, रमत गमत. ती भिंतीला टेकून खाली बसली.

सर स्वयंपाकघराच्या दारात आले. आता त्यांच्या आवाजात राग होता.

"चार वर्षं, मावशी. पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा. काही झालं असतं तर?"

"मी मोजून टाकत होते, सर. रोज. आज गुलाबनं टाकलं असावं, मला माहीत नव्हतं."

"पण सांगायचं तरी."

"कोणाला सांगू? चाखत कोणीच नव्हतं." तिला त्यांना टोचायचं नव्हतं, तोंडातून गेलं ते गेलं. सर दारातच उभे राहून म्हणाले, "मला विचार करू द्या. तोवर तुम्ही कोणाला बोलू नका."

तो विचार दोन दिवस चालला. ते दोन दिवस तुळशीबाईनं कसे काढले ते तिलाच माहीत. सर ऑफिसमधून बाहेर आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघायची. मुख्याध्यापिका नूतन मॅडमनी शिपायाला हाक मारली तरी ती हातातलं काम थांबवून कान द्यायची. सर घंटेच्या आधी येऊन चाखत होते, मान हलवत होते आणि निघून जात होते. घरी वीरसिंग दोनदा म्हणाला, "सांगायला नको होतंस."

"मग पोरांनी ते खाल्लं असतं."

"खाऊन पाणी प्याली असती. याआधी प्याली नाहीत का?"

ती भाकरी थापत राहिली. वीरसिंगचे गुडघे त्या वर्षी ऊसतोडीला जाऊ देत नव्हते. घरात तिचीच काय ती कमाई चालू होती, हे त्याला बोलून दाखवायची गरज नव्हती. पवन नाशिकला भरतीची तयारी करत होता. जूनचा कागद आला नाही तर काय, हा विचार ती डोक्यातून काढायची आणि पीठ मळताना, भांडी मोजताना तो पुन्हा यायचा. एकदा तर तिनं दळणाच्या पिशवीत मिठाची वाटी घातली आणि ती शोधत अर्धा तास घालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबबाई परत आली. पोरगं बरं होतं. तिला विचारलं तर ती सहज म्हणाली, "हो, मीच टाकलं. तुम्ही सिलिंडर मोजत होता, म्हटलं हातासरशी टाकून जावं. दोन वाट्या. का, कमी झालं होतं?"

तिसऱ्या दिवशी नवनीत सर म्हणाले, "मावशी, मॅडमना सांगायला पाहिजे. मी येतो बरोबर."

नूतन मॅडम धुळ्याच्या. शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी तुळशीबाईला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही. सगळं उभ्यानं सांगितलं, ताप, वाटी, डबे, बारीक मीठ, गुलाबबाई. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"चार वर्षांत किती वेळा चुकलं?"

"दोनदा, मला माहीत आहे ते. माहीत नाही ते किती, कसं सांगू?"

मॅडम नवनीत सरांकडे वळल्या. "आणि तुम्ही, सर?"

"मी न चाखता सह्या करत होतो," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "लेखी द्यायचं असेल तर देतो."

मॅडमनी रजिस्टर मागवलं, मागची पानं उलटली, 'चव उत्तम', 'चव उत्तम', आणि ते मिटून ठेवलं. तुळशीबाई त्यांच्या हातांकडे बघत होती.

"जूनच्या कागदाचं मी आज काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या ऑफिसला जे आहे ते लिहावं लागेल. पण त्यात मी हेही लिहीन की ही गोष्ट तुम्ही स्वतः येऊन सांगितली, आणि पोरांच्या ताटात काही जायच्या आधी सांगितली. तोवर काम थांबवायचं नाही. मीठ वजनानं घ्यायचं, वाटीनं नाही. आणि चाखल्याशिवाय घंटा होणार नाही."

बाहेर आल्यावर तुळशीबाईला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. तोवर एक गोष्ट लपवायची काळजी होती, आता ती सगळ्यांना माहीत झाल्याची काळजी सुरू झाली. भाजीवाला पोरगा जरी म्हणाला, मावशी, बरी आहेस ना, तरी तिला वाटायचं, यालाही कळलंय.

मे महिन्यात मॅडमनी सांगितलं म्हणून ती वीरसिंगला घेऊन नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी जीभ बघितली, जिभेवर कसकसली पाणी टाकून विचारलं, हे कसं, ते कसं. एवढ्या वर्षांनी परत येईल असं सांगता येत नाही, कोणाचं येतंही, असं ते म्हणाले. वर हेही म्हणाले, रक्तदाब थोडा जास्त आहे, घरी जेवताना वरून मीठ घेता का?

"घेत होते," ती म्हणाली. "लागतंय का ते बघायला."

"ते बंद करा."

परतीच्या एसटीत वीरसिंग खिडकीबाहेर बघत होता. अक्कलकुवा मागे पडल्यावर म्हणाला, "मलाच चाखायला लावत होतीस आणि स्वतःच्या ताटात किती घेत होतीस, ते मोजलं नाहीस." तिनं ते खरंच मोजलं नव्हतं.

जूनची अठरा तारीख उजाडेपर्यंत कागद आला नव्हता. तोवर तिनं घरामागच्या वावरात भगर पेरायची तयारी केली, शेतीत किती भागेल त्याचा अंदाज काढला, तो पुरेना, पुन्हा काढला. एकोणीसला शिपाई मोटारसायकलवर आला. कागदावर तिचं नाव होतं, खाली गुलाबबाईचंही होतं. मीठ वजन करून भांडारपालाच्या समोर द्यावे, अशी एक नवी ओळ होती. तिनं सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

आता मीठ तोलून येतं. किती पोरांना किती ग्रॅम, तो तक्ता नवनीत सरांनी करून भिंतीवर चिकटवला आहे. भगोन्यात टाकते तुळशीबाईच, चाखते गुलाबबाई, आणि मग सर किंवा मॅडम. सुरुवातीला गुलाबबाईला ताईच्या समोर 'कमी आहे' म्हणायला जड जायचं, ती दुसरीकडे बघून बोलायची. तुळशीबाईलाही दुसऱ्याच्या जिभेवर आपलं वरण सोडायची सवय व्हायला वेळ लागला. काही दिवस तिनं पोरं जेवताना खिडकीत उभं राहायचं टाळून बघितलं. जमलं नाही.

जुलैत घाटात धुकं उतरलं, चार दिवस ऊन नाही. मिठाच्या पोत्याला पाणी सुटलं. भांडारपालानं तक्त्याप्रमाणे तोलून दिलं आणि तुळशीबाईनं ते हातात घेऊन परत त्याच्यासमोर ठेवलं.

"हे कमी पडेल."

"तोलून दिलंय, बाई. तक्ता बघा."

"ओलं मीठ जड भरतं. यात पाणीच जास्त."

तो ऐकेना, म्हणून मॅडमना बोलवावं लागलं. मॅडमनी चिमटीत मीठ घेतलं, ते बोटांना चिकटलं.

"मग किती घ्यायचं?"

"मोठ्या तव्यावर परतून कोरडं करते," तुळशीबाई म्हणाली, "मग तोलू."

तिनं शेगडी पेटवली, तवा ठेवला आणि मीठ पसरून उलथन्यानं परतायला लागली. मीठ तडतडलं, वाफ निघाली, खडे मोकळे झाले. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. कोरडं मीठ पुन्हा काट्यावर चढलं, भगोन्यात गेलं. गुलाबबाईनं चाखलं, मग मॅडमनी.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

तुळशीबाईनं दोघींच्याही तोंडाकडे नीट बघून घेतलं, मग शिपायाला सांगितलं, दे घंटा.